शनिवारची खरखर

रोज सकाळी, कॉफीचं पाणी ठेवण्याच्याही आधी, ओन्नी राउतिओ तळघरात उतरायचे आणि सीडी प्लेअरच्या झाकणावर हाताची पालथी बाजू टेकवून बघायचे. तापलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावतात तसं. इथे फक्त काळजी उलटी होती. झाकण गार लागलं की त्यांचा चेहरा उतरायचा. वर येऊन ते बायकोला, हेल्मींना, सांगायचे, "आज रुसलाय."

हेल्मी पावाला लोणी लावता लावता विचारायच्या, "तो की तू?"

मी त्यांच्या घरात भाड्यानं राहत होते. कॅनडातल्या थंडर बेच्या विद्यापीठातलं शिक्षण संपेपर्यंत राहायचं ठरलं होतं, पण ते शिक्षण काही लवकर संपेना. माझी खोली बरोबर त्या प्लेअरच्या डोक्यावर होती. खोली दाखवताना ओन्नींनी दोनच अटी घातल्या. शनिवारी संध्याकाळी सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली, तापतो, तेव्हा लाजायचं नाही, आपला नंबर आला की आत बसायचं. आणि सौनानंतरचा तासभर घरात मोज्यांवर चालायचं, टाचा आपटायच्या नाहीत, कारण जमीन हादरली की आतली तबकडी गाणं सोडून उडी मारते.

"तुझ्या आधीचा भाडेकरू खाणीत होता," ते म्हणाले. "भला माणूस. पण घरातसुद्धा खाणीतल्यासारखा चालायचा."

ओन्नींनी सगळी नोकरी टपाल वाटण्यात काढली होती. प्लेअर घेतला तो मुलगी शिकायला बाहेर पडली त्या वर्षी. जाड अॅल्युमिनियमचं ते काळं धूड एकट्याला उचलत नसे, आणि त्याच्या तोंडावर बटणं मात्र तीनच. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. पोस्टमननं असलं यंत्र घ्यावं म्हणजे बैलानं मनगटी घड्याळ बांधावं, हे वाक्य शेजाऱ्यांचं असेल असं मला वाटायचं. ते ओन्नींचंच निघालं. स्वतःची टवाळी दुसऱ्या कुणाकडे सोपवणं त्यांना पटत नसे. म्हणायचे, लोक ते काम मन लावून करत नाहीत.

तळघरात एक खुर्ची होती. दोन स्पीकर आणि ती खुर्ची यांचा मोजून त्रिकोण साधलेला, पायांच्या जागी गालिच्यावर चिकटपट्टीच्या खुणा. आवाज खरा लागतो तो त्या एका खुर्चीत. त्यामुळे ऐकायला बसायचं ते एकेकानं. बाकीच्यांनी मागच्या भिंतीजवळच्या जुन्या सोफ्यावर. शनिवारी सौना झाला, भाजलेले सॉसेज आणि कॉफी झाली, की दोघं खाली उतरायचे. ओन्नी खुर्चीत, पाठ सोफ्याकडे. हेल्मी सोफ्यावर, मांडीत विणायला घेतलेले लोकरीचे हातमोजे. बोलणं शून्य.

बोलणं तसं आठवडाभरच बेताचं असायचं. हेल्मींचं चर्च होतं, तिथली भरतकामाची विक्री होती, बहीण आउने होती. ओन्नींचं तळघर होतं. जेवताना एकमेकांना विचारायचे ते कचरा बाहेर ठेवलास का, आणि मीठ. शनिवारचा तेवढा एक तास दोघं ठरवून एका खोलीत असत. ओन्नींना त्या तासाचा अभिमान होता. "मी नुसता पैसा ओतला," ते सांगायचे. "खरे कान हेल्मीचे. डोळे मिटून ऐकते ती. हलत नाही."

त्या तासाला एकच डाग होता. तबकडी सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली, संगीत हळुवार झालं, की कुठून तरी एक बारीक, खालच्या पट्टीतली खरखर येऊ लागे. जोराचा भाग आला की बुडायची, पुन्हा हळू झालं की वर यायची. सोमवारी, बुधवारी, ओन्नी एकटे ऐकत तेव्हा नाही. फक्त शनिवारी.

याचा छडा ओन्नींनी लावला होता. आमच्या गल्लीत बहुतेक घरं फिनिश, फिनलंडहून आलेल्यांची. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांच्या सौनातल्या विजेच्या शेगड्या एकाच वेळी पेटतात. वीज गढूळ होते. गढूळ वीज प्लेअरमध्ये शिरते. त्यावर त्यांनी आधी जाड तारा आणल्या. मग प्लेअरखाली तलावाकाठचे सपाट दगड ठेवले. मग वीजतंत्र्याला बोलावून प्लेअरपुरती वेगळी लाइन ओढून घेतली. दर वेळी म्हणायचे, बरीच कमी झाली. एकदा तर ते घरोघर गेले, टपालाच्याच वाटेनं, आणि सौना तासभर आधी तापवाल का म्हणून विचारून आले.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग काय. सगळ्यांनी कॉफी पाजली, केक खाऊ घातला, आणि सौना नेहमीच्या वेळी तापवला."

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात प्लेअर खरोखरच रुसला. जुनं वंगण थंडीनं घट्ट झालं होतं. तबकडी आत घातली की तो थोडा कुरकुरे आणि समोर अक्षरं झळकत : 'डिस्क नाही'. ओन्नी म्हणाले, वय झालं, चष्मा नाकावर ठेवून चष्मा शोधतोय. ऊब मिळाली की मात्र चालायचा. म्हणून त्यांनी हेल्मींची कंबर शेकायची विजेची उशी त्याच्यावर पांघरली. हेल्मींची कंबर आणि प्लेअर एकाच शनिवारी धरले, तेव्हा उशी परत गेली.

यानंतर जे झालं ते फिनिश माणसाच्याच डोक्यात येऊ शकतं. ओन्नी वाढले त्या घरात बाळंतपणापासून सर्दीपर्यंत सगळ्याला सौना हा उपाय होता. शनिवारी सौना तापतोच आहे, त्याला लागून असलेली कपडे बदलायची खोली उबदार होतेच आहे, तर प्लेअर तासभर तिथल्या बाकावर ठेवायला काय हरकत आहे? मी आणि ते, आम्ही दोघांनी तो उचलून नेला. त्या संध्याकाळी प्लेअर असा वाजला की ओन्नींनी आउनेला फोन करून सांगितलं. आउने म्हणाली, मग त्याला टॉवेलही द्या.

पुढच्या शनिवारी थंडी आणखी पडली. प्लेअरला थोडी जास्त ऊब मिळावी म्हणून ओन्नींनी सौनाचं दार बोटभर उघडं ठेवलं. आज दगडांवर पाणी घालायचं नाही, कोरडाच शेक घ्यायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. हेल्मींनाही बजावलं होतं. आणि मग ते एकटे आत बसले, दगड तापून करडे झाले, शेजारी लाकडी बादली, बादलीत पळी.

"डोकं म्हणत होतं, नको," ते नंतर सांगायचे. "पण हात फिनिश होता. डोकं कॅनडात शिकलेलं, हाताला कोण शिकवणार? एक पळी गेली. मग वाटलं, एक गेलीच आहे."

वाफेचा लोट दारातून बाहेर गेला आणि थंडगार धातूवर दवासारखा बसला. ओन्नी टॉवेल गुंडाळून हेल्मींचं केस वाळवायचं यंत्र शोधत घरभर फिरले. झाकण उघडून त्यांनी गरम हवा मारली, जवळून आणि बराच वेळ. प्लेअरच्या आत तबकडी वाचणारा एक डोळा असतो. त्याचं भिंग मसुरीच्या दाण्याएवढं. ते ज्या डिंकानं बसवलेलं होतं तो जुना डिंक वाफ सोसून होता, पण गरम हवेनं सुटला. भिंग आत कुठे तरी टिचकी मारल्यासारखं पडलं. तेवढाच आवाज झाला.

महिनाभर ओन्नींनी ही गोष्ट येईल त्याला सांगितली. वाफ दर वेळी वाढत गेली. शेवटी शेवटी तिच्यात जिनाही दिसेनासा झाला होता.

शनिवारचं काय, हे मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पहिल्या शनिवारी सवयीनं दोघं खाली उतरले. ओन्नी रिकाम्या फळीसमोर खुर्चीत बसले. मागे हेल्मींच्या सुया टकटकत राहिल्या. थोड्या वेळानं हेल्मी उठल्या आणि म्हणाल्या, आउने पत्ते खेळायला कधीची बोलावतेय. त्यानंतर दर शनिवारी त्या जायला लागल्या. मुलीनं व्हँकुव्हरहून एक छोटा गोल स्पीकर पाठवला होता, फोनवरून वाजणारा. हेल्मी म्हणाल्या, हाच खाली नेऊन ठेवू, काय फरक पडतो? ओन्नींनी फरक समजावायला सुरुवात केली. ते समजावत होते तेवढ्यात हेल्मींनी बूट घातले, कोट घातला, टोपी कानांवर ओढली.

गाडी वळून दिसेनाशी झाल्यावरही ओन्नी खिडकीशी उभे होते. मी भांडी पुसत होते.

"आउनेकडे डाव चांगला रंगतो म्हणे," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "कान असलेलं माणूस. इथे ऐकायला काही नाही, तर काय करेल बिचारी?"

म्हणजे दुरुस्त करायचा होता तो शनिवार. प्लेअरचं नाव निमित्ताला होतं.

तसाच डोळा विनिपेगच्या एका माणसाकडे मिळाला, न वापरलेला, डबीत बंद. तो टपालानं यायचा होता. ओन्नी रोज अकरा वाजल्यापासून पडदा बाजूला करून बसत. "जन्मभर मी लोकांना असं खिडकीशी बसवलं," ते म्हणाले. "आता फेडतोय." नव्या टपालवालीच्या चालण्यात त्यांना खोट दिसे. बर्फात पाय आडवा टाकते, पिशवी चुकीच्या खांद्यावर घेते. पार्सल आलं त्या दिवशी मात्र त्यांनी तिला थांबवून वेलदोड्याचा गोड पाव दिला, आणि चालण्याविषयी अवाक्षर काढलं नाही.

आमच्याकडे हिवाळ्यातली हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडते. असली एक ठिणगी त्या नव्या डोळ्याला पुरते. म्हणून ओन्नींनी मनगटाला तार बांधली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या नळाला. मग वर फोन वाजला, ते सवयीनं उठले, आणि दोन पावलांवर हिसका बसून परत बसले.

हेल्मी जिन्यातून बघत होत्या. "चला," त्या म्हणाल्या. "शेवटी कुणीतरी बांधून घातला."

उजेड धरायचं काम माझं. डबीतून डोळा निघाला तेव्हा तो इतका नाजूक निळसर चमकला की मला काहीतरी सुचलं आणि मी ते बोलून दाखवायला लागले.

"कविता नंतर," ओन्नी म्हणाले. "उजेड डावीकडे."

स्क्रू बसले, पट्ट्या जोडल्या गेल्या, झाकण न लावताच तबकडी घातली. 'डिस्क नाही'. जुनं वंगण पुसून नवं घातलं. 'डिस्क नाही'. आतल्या बारीक चाव्या केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवून झाल्या. विनिपेगच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, माझ्याकडून निघाला तेव्हा चांगला होता. हे वाक्य ओन्नींनी एरवी स्वतःवर वापरून घेतलं असतं. नाही वापरलं. कॉफीला कुणी आलं आणि प्लेअरचं विचारलं तर म्हणायचे, "चाललंय." बस, एवढंच.

एकदा कपडे वाळत घालताना हेल्मी मला म्हणाल्या, "तो विनोद करत नाहीये. तुझ्या लक्षात आलंय का?"

म्हटलं, आलंय.

"मला हे बरं दिसत नाही." त्यांनी एका मोज्याला जोडीचा मोजा शोधून दिला आणि विषय बदलला.

त्या शनिवारी मला प्रबंधाचं प्रकरण पाठवायचं होतं, म्हणून उजेड धरता येणार नाही असं मी सकाळीच सांगून ठेवलं. संध्याकाळी खोलीत लिहीत बसले होते. लिहीत होते म्हणजे पहिलं वाक्य बदलत होते. गरम हवेच्या झरोक्यातून तळघरातलं सगळं ऐकू यायचं. हेल्मी आउनेकडे निघाल्याची चाहूल लागली. मग खालून ओन्नींचा आवाज आला. त्यांनी हेल्मींना तळघरात कधी बोलावलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या आपण होऊन यायच्या किंवा यायच्या नाहीत.

"हेल्मी," ते म्हणाले. "जरा उजेड धरतेस? मला एकट्याला जमत नाहीये."

वर काहीच हललं नाही. नंतर मला कळलं, त्या कोटात एक हात घालून उभ्या होत्या. मग त्यांनी आउनेला फोन केला, आज माझ्यावाचून पत्ते वाटा म्हणून सांगितलं, आणि खाली उतरल्या.

थोडा वेळ नुसती खुडबुड. मग हेल्मींचा आवाज.

"ही जोडी नाही."

"कसली जोडी?"

"हा जुना आणि हा नवा. याच्या पाठीवर टिपूस आहे. त्याच्या नाही."

"उजेड वर घे. कुठे?"

"हा काय. चांदीसारखा थेंब. तू सांडलास?"

"मी नाही सांडला."

मग खालून एक आवाज आला. तो ओन्नींचं हसू आहे हे ओळखायला मला वेळ लागला, बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मी प्रकरण तसंच सोडून मोज्यांवर खाली गेले. तो थेंब कथलाचा होता. कारखान्यातच टाकलेला. वाटेत ठिणगीनं डोळा जळू नये म्हणून त्याची नस अशी बांधून पाठवतात, आणि प्लेअरमध्ये बसवल्यावर तो थेंब काढून टाकायचा असतो.

"म्हणजे ज्याला काही होणारच नव्हतं त्याच्यासाठी मी नळाला बांधून घेतलं," ओन्नी डोळे पुसत म्हणाले. "आणि इतके दिवस मी काय करत होतो? डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला चष्म्याचे नंबर देत होतो."

"नळाला परत बांध आता," हेल्मी म्हणाल्या. "थेंब काढल्यावर होईलच की त्याला."

ते खरं होतं. ओन्नी मुकाट्यानं परत नळाला बांधले गेले. कथील वितळवायच्या सळईच्या तापलेल्या टोकानं त्यांनी थेंब टिपून घेतला, तबकडी घातली, आणि आत काहीतरी हळूच फिरायला लागलं. समोर अंक उजळले.

खुर्चीत बसायला जागा नव्हती. तिथे झाकण होतं, आणि केकच्या साच्यात वाटून ठेवलेले स्क्रू. म्हणून ओन्नी सोफ्यावर हेल्मींच्या शेजारी बसले. मी जिन्याच्या पायरीवर. संथ पियानो होता. हेल्मींनी सुया हातात घेतल्या. ओन्नी जरा अस्वस्थ दिसले, इथून डावीकडचा आवाज जास्त येत होता, पण उठले नाहीत.

पंधराएक मिनिटांनी पियानो अगदी खाली उतरला, आणि खरखर आली.

ओन्नींची मान ताठ झाली. इतका खर्च, इतके दगड, नवा डोळा, आणि ही आपली होतीच. ते भिंतीतल्या विजेच्या खटक्याकडे जायला अर्धे उठले. मग थांबले. कान प्लेअरच्या दिशेनं नेला. मग हळूहळू दुसऱ्या दिशेनं.

हेल्मींच्या सुया मांडीत आडव्या झाल्या होत्या. हनुवटी लोकरीत टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं. पियानो वर चढला, खरखर बुडाली. पियानो उतरला, ती पुन्हा वर आली.

ओन्नी अगदी सावकाश परत बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग पोट दोन्ही हातांनी धरलं, सोफा हलू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी हेल्मी चर्चला गेल्यावर ते कॉफी घेऊन माझ्यासमोर बसले.

"वेगळी लाइन ओढली," ते म्हणाले. "अख्ख्या गल्लीला सौना आधी तापवायला सांगून आलो. आणि सांगत काय फिरलो, तर हेल्मीला कान आहेत."

"आहेत की," मी म्हटलं.

"नाक आहे." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तिला कळता कामा नये, पोरी. कळलं तर लाजेनं जागी बसेल. नाहीतर आउनेकडे जाईल."

ओन्नींनी स्वतःची एवढी एकच फजिती कधी कॉफीवर काढली नाही. बाकीच्या सगळ्या, वाफेची, नळाची, थेंबाची, त्यांनी शेवटपर्यंत सांगितल्या. कुणी विचारलं, ती शनिवारची खरखर गेली का, तर म्हणायचे, नाही बुवा, जात नाही ती. लोक नवे उपाय सुचवायचे आणि ते मान डोलवत ऐकून घ्यायचे. मीही कुणाला सांगितलं नाही. इथे लिहिते आहे ते हेल्मींना मराठी वाचता येत नाही म्हणून.

स्क्रू जागेवर गेले, झाकण बसलं, पण ओन्नी शनिवारी परत खुर्चीत गेले नाहीत. सोफ्यावरून सगळं वाकडं ऐकू येतं, अशी कुरकूर करत तिथेच बसायचे. खुर्चीत पाहुणे बसू लागले. गालिच्यावरच्या चिकटपट्टीच्या खुणा कडांनी सुटत गेल्या.

पुढे दोन हिवाळे प्लेअर नीट चालला. सकाळचा हात लावणं चालूच होतं, आता त्याला काही कारण उरलं नव्हतं तरी. दुसरा हिवाळा संपत आला असताना एका मंगळवारी ओन्नी तळघरात उतरले नाहीत. हेल्मींनी कॉफीचं पाणी ठेवलं, ते उकळलं, आणि मग त्या बघायला गेल्या. झोपेतच गेले होते.

त्याच्या आधीच्या शनिवारी मी मैत्रिणीकडे निघाले होते. बूट घातले होते, आणि ते घालून टाचा न आपटता चालणं कठीण, म्हणून जिन्याच्या तोंडाशीच थांबून मी खाली हलक्या आवाजात सांगितलं की मला उशीर होईल, आणि कचरा मी सकाळी बाहेर ठेवीन. सोफ्याच्या कडेवरून ओन्नींचं फक्त डोकं दिसत होतं. त्यांनी मान न वळवता हात वर केला.

"दार हळू लाव," ते म्हणाले. "खरखर सुरू झालीय."